चंदनची जागली

चंदन जागलीवर असला का संत्र्याच्या बगीच्यात डुक्कर पाय ठेवत नव्हतं. ह्या काही हवेतल्या गोष्टी नाही. चांदूर बाजारच्या आजूबाजूच्या पाच गावात कोणालेही विचारा. दुसरे लोकं रातच्या राखणीले जात तं फटाके घेत, पत्र्याचा डबा घेत, रातभर डबा बडवत, अन् तरी सकाळी पाहावं तं दोन झाडं बुडापासून उकरलेले. चंदन निसती एक गोधडी घेऊन जाय. मचाणावर आडवा झाला का पाच मिनिटात त्याचं घोरणं सुरू. घोरणं म्हणजे कसं, तं भरलेला ट्रॅक्टर चढावर लागल्यासारखं. मधातच एकदम बंद. चिडीचूप. ऐकणाऱ्याले वाटे, गेला का काय. मंग असा हिसका देऊन पुन्हा सुरू होय का झाडावरचं पाखरू उडे. डुकराले बिचाऱ्याले काय समजणार, का वरते माणूस झोपला का वाघ बसला.

त्याचा मोठा भाऊ भगवंतराव. सात वर्षांनं मोठा, दहावी पास, तेही एका झटक्यात. चौकातल्या चहाच्या टपरीवर चारचौघं जमले का भगवंतराव चंदनच्या घोरण्याची नक्कल करून दाखवे. तो ट्रॅक्टर, तो मधातला थांबा, तो हिसका, सगळं हुबेहूब. लोकं पोट धरून हासत. मंग भगवंतराव मिशीवरून हात फिरवून म्हणे, "लोकाचे जागले जागून राखण करते. आमचा चंदन झोपून करते. दाखवा दुसरा असा, अख्ख्या तालुक्यात!"

चंदनही तथीच बसून हासे. त्याचं हासणं अर्ध्या झोपेतलंच राहे.

तो लहानपणापासून तसाच. बाप लवकर गेला, तं भगवंतरावानंच त्याले वाढवलं. शाळेत पोट्टं बसल्या बसल्या झोपे. गुरुजीनं बाकावर उभं केलं तं उभ्या उभ्या झोपला अन् खाली पडला, हनुवटी फुटली. त्याची खूण शेवटपर्यंत होती. घरी आल्यावर भगवंतरावानं दोन लावून दिल्या, का आपल्या घराण्याचं नाव बुडवून राहिला म्हणून. चंदन रडला नाही. म्हणला, "दादा, मी झोपत नाई रे. थे येते." सातवीत नापास झाला तवा भगवंतराव स्वतः शाळेत गेला अन् त्याचं नाव काढून आला. हेडमास्तरले म्हणला, "शिकणं त्याच्या डोक्यात नाई गुरुजी, पण माह्या बगीच्याले असाच गडी पाह्यजे."

अन् गडी खराच लाखात एक निघाला. कलम बांधावं तं त्यानं. त्याच्या हातचं कलम वाया गेलं असं कधी झालं नाही. संत्रं हातात घेतलं का वजन सांगे. डोक्याले कायम दुपट्टा आवळून बांधलेला. लोकाले वाटे रुबाब आहे. सकाळी उठलं का त्याचं डोकं ठणके, म्हणून तो बांधे. हे रूपालीले, म्हणजे त्याच्या बायकोले माहीत होतं. बाकी कोणी कधी विचारलंच नाही. रूपाली अकोल्याची. लग्नात मंगलाष्टकं चालू असतानी नवरदेव अंतरपाटामागं डुलक्या देऊन राहिला होता. अक्षदा डोक्यावर पडल्या तवा दचकून म्हणला, "कोण हाये बे?" सारा मांडव हासला. रूपालीही हासली. दोघाचं बरं जमलं.

त्याईले एकच पोट्टी झाली, वर्षाली. दिसायले अशी का बाहुली, बोलायले मिरची. भगवंतरावाले 'मोठेबाबा' म्हणे अन् त्याच्या मिशा ओढे. गावात दुसऱ्या कोणाची छाती नव्हती भगवंतरावाच्या मिशीले हात लावायची.

पाचवं सरलं तशी वर्षालीही घोरायले लागली.

भगवंतरावाले पहिले गंमत वाटली. मंग पोट्टी वाळत चालली. ताटातलं अन्न तोंडात घेऊन घेऊन चावे, गिळतानी मान वर करे. तोंड कायम उघडं. झोपतानी मान मागं फेकून, उशी घामानं ओली, अन् सहा वर्षाची झाली तरी अंथरुणही ओलं. पहिलीच्या रागिणी मॅडमनं सांगून पाठवलं, पोरगी वर्गात डेस्कवर डोकं टाकून झोपते, तिले डॉक्टरले दाखवा.

रूपाली भासऱ्यापुढं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं, तोंड उघडत नव्हती. तशी घरात रीतच होती. भासरा समोर आला का पदर डोक्यावर अन् नजर खाली. तिले जे सांगायचं असे थे जावेजवळ सांगे, अन् भगवंतरावाची बायको माणिकबाई थे नवऱ्यापर्यंत पोचवे. माणिकबाईनं पोचवलं. भगवंतराव म्हणला, "आमच्या घरच्या पोरीले रोग? बापावर गेली हाये, दुसरं काय!" पण मनातून चरकला. पोट्टा घोरला तं मर्दानी दिसते. पोरीचं काय?

पोळा झाल्यावर तो चंदनले अन् पोट्टीले घेऊन अमरावतीले गेला. तथच्या डॉक्टरीणबाई कान-नाक-घशाच्या. त्याईनं बॅटरी लावून घशात पाहिलं. म्हणल्या, "टॉन्सिल खूप वाढलेत, नाकामागची गाठही असेल. झोपेत तिचा श्वास अडत असणार. किती अडतो ते आधी मोजावं लागेल. हे मशीन एक रात्र घरी न्या."

मशीन म्हणजे एक छोटीशी डबी. छातीले बांधायचा पट्टा, नाकाखाली एक बारीक नळी, अन् बोटाले लावायचा लाल लाइटाचा चिमटा. कसं लावायचं थे बाईनं दोनदा दाखवलं. मंग म्हणल्या, "पोरगी जशी रोज झोपते तशीच झोपू द्या. घोरली तरी हात लावायचा नाही."

चंदन तवा खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगला होता. त्यानं ऐकलं नाही. भगवंतरावानं ऐकलं.

बाईनं चंदनकडे पाहिलं. "हे नेहमी असेच झोपतात? घोरतात का?"

भगवंतराव खुलला. "घोरते? बाई, त्याचं घोरणं म्हणजे आमच्या बगीच्याचं कंपाउंड हाये!"

बाई हासल्या नाही. "मग यांचीही टेस्ट करून घ्या."

"अवो, सांडावानी तब्येत हाये त्याची," भगवंतराव म्हणला, अन् विषय तथीच संपला.

येतानी एसटीत भगवंतरावाच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. टेस्ट म्हणजे कागद होईन. कागदावर पोरीचं नाव लिवलं जाईन. आज सहा वर्षाची हाये, उद्या सोयरिकी येतीन, पावणे चौकश्या करतीन. अमक्याची पोरगी झोपेत मरता मरता वाचते, असं कोणाच्या कानावर गेलं तं? मशीन मोजतेच तं चांगलंच मोजू दे. आपल्या घरातलं पोट्टं टेस्टीत नापास होणार नाही. एक बाप झाला तेवढा पुरे.

संध्याकाळी त्यानं चंदनले अंगणात बोलावलं.

"चंदन्या, आज जागलीले जाऊ नको. आज पोरीजवळ बस. ती घोराले लागली का हळूच कुशीवर कर. श्वास थांबला का खांदा हालव. मशिनीले समजलं नाई पाह्यजे."

"दादा, मले जाग येईन का?"

"येईन का म्हणजे? झोपायचंच नाई! पोरीच्या जल्माचा सवाल हाये. एक रात तं मर्दावानी जाग!"

चंदननं मान हालवली. मोठ्या भावाच्या शब्दाले त्यानं नाही म्हणल्याचं कोणाले आठवत नव्हतं.

बायकांले माजघरात झोपवलं. भगवंतराव ओसरीवर पडला. रातून दोनदा उठून त्यानं खोलीत डोकावलं. पोट्टीच्या बोटाचा लाल लाइट चमकत होता. चंदन बाजेजवळ पाटावर बसला होता. झोप लागू नाही म्हणून पाय थंड पाण्याच्या बकेटीत टाकले होते, अन् दातात एक हिरवी मिरची धरली होती. डोळ्यातून पाणी वाहून राहिलं होतं. पोट्टीचा श्वास अडला का तिच्या खांद्याखाली हात घालून फूल उचलावं तशी वळवे.

राजेहो, जो माणूस स्वतःच्या लग्नात जागा राहिला नाही, तो त्या राती झुंजूमुंजू होईपर्यंत जागला. झोपायची रात होती तेवढी एकच, अन् त्याच राती जागला.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईच्या कपाळावर आठी होती. पुन्हा घशात पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. म्हणल्या, "रिपोर्टप्रमाणे त्रास थोडाच आहे. ऑपरेशनची घाई नको. नाकातला फवारा देते. तीन महिन्यांनी नक्की आणा, टेस्ट परत करू." भगवंतरावानं गावात पेढे वाटले. "अमरावतीच्या मशिनीनं सांगतलं, पोरगी टणटणीत हाये!" रूपालीले वाटलं, देवानं ऐकलं.

तीन महिन्यांनी कोणी गेलं नाही. टणटणीत पोरीले कायले न्यायचं?

पण चंदननं त्या राती जे पाहिलं थे त्यानं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तो तं रोज बगीच्यात राहे. पोट्टीची छाती कशी आत ओढल्या जाते, पोट कसं वर येते, ओठ कसे काळेनिळे पडते, अन् किती वेळ काहीच होत नाही, हे त्यानं एका राती शंभर वेळा पाहिलं. चार दिवसांनं भगवंतराव गोठ्यात होता तवा येऊन उभा राहिला.

"दादा, पोट्टी थांबते."

"काय थांबते?"

"श्वास. पुरा थांबते. मी हात लावला का चालू होते. नाई लावला तं कोण जाणे."

भगवंतराव चारा टाकून राहिला होता. त्यानं मान वर केली नाही. "मंग लावत जा हात."

चंदननं थे खरं धरलं. त्या दिवसापासून तो जागलीले जाईना. संत्रे पिवळे पडायले लागले, डुकरं घुसले, आठ झाडं उकरले. भगवंतराव तणतणला, "बायकोच्या पदराखाली झोपतं काय बे आता?" माणिकबाई मधात पडली, म्हणे, "झोपते कुठी थो? रातभर पोरीच्या उशाशी बसते." भगवंतराव म्हणला, "आमच्या चंदननं अन् रातभर जागणं? काहीच्या बाही!" अन् चौकात गेला. पण त्या दिवशी नक्कल करायचं त्याच्या मनात आलं नाही.

चार महिने चंदन बसला. कधी बकेटीत पाय, कधी मिरची, कधी अंगणात जाऊन तोंडावर पाणी. डोळे आगीवानी लाल. दुपारी कलमाचा चाकू हातातून सुटे. कोणी म्हणलं काय रे, तं तोच अर्धा हासे.

आंबिया बहाराची तोडणी चालू होती. सकाळचे आठ वाजले असतीन. चंदन मोटारसायकलवर दोन कॅरेट संत्रे बांधून चांदूर बाजारच्या मार्केटले निघाला. रस्ता सरळ, डांबर कोरडं, समोर ना गाडी ना ढोर. नाल्याच्या वळणाच्या आधी एक मोठा निंब आहे. गाडी सरळ त्या निंबावर गेली. पाहणारा म्हणे, ब्रेकचा आवाजच आला नाही. भगवंतराव पोचला तं साऱ्या रस्त्यावर संत्रे पसरले होते अन् चंदन कुशीवर पडला होता, जसं कोणी हळूच वळवून ठेवलं. एवढ्या वर्षात पहिल्यांदा भगवंतरावानं त्याले आवाज न करता झोपलेलं पाहिलं.

लोकं कुजबुजले, घेतली असन. भगवंतरावानं एकाची कॉलर धरली. "माह्या भावानं थेंब चाखला नाई कधी!" पोलिसानं लिवलं, गाडीवरचा ताबा सुटल्यानं. भगवंतरावाले काय सुटलं थे माहीत होतं. पण त्यानं कोणाले सांगतलं नाही.

तेरवी झाली अन् रूपाली पोट्टीले घेऊन माहेरी अकोल्याले गेली. आता उशाशी बसायले कोणी नव्हतं. ती स्वतः बसे, तिचाही डोळा लागे. एका पहाटी वर्षालीचं तोंड निळं पडलं तवा तिनं हंबरडा फोडला. तिच्या भावानं पोट्टीले अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. फोन आला तसा भगवंतराव पहिल्या एसटीनं निघाला. मांडीवर पिशवी, पिशवीत अमरावतीची फाइल.

अकोल्याचे डॉक्टर तरुण होते. त्याईनं घसा पाहिला, पायाची सूज पाहिली. म्हणले, हृदयावर ताण पडायला लागलाय. मंग फाइल पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हा रिपोर्ट या मुलीचा वाटत नाही," ते म्हणले. "टॉन्सिल एकमेकांना टेकलेत आणि टेस्ट जवळजवळ चांगली? त्या रात्री तिला कोणी हलवत होतं का?"

रूपाली म्हणली, "नाई साहेब. तिचे बाबा होते जवळ."

भगवंतराव उठून उभा राहिला. आजवर तो कुठंही उभा राहिला तं छाती काढून. त्या दिवशी टेबलाचा काठ धरला.

"हालवत होता," तो म्हणला. "माहा भाऊ. रातभर. त्याची चूक नाई साहेब. हात लावू नका असं बाईनं मले सांगतलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं. मीच त्याले म्हणलं का जाग. पोरीच्या नावावर कागद नको व्हायले म्हणून." मंग म्हणला, "अन् नंतर तो रोज जागत होता. थेही मीच म्हणलं होतं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. हळूच विचारलं, "वडीलही घोरायचे? शाळेत झोपायचे का लहानपणी?"

भगवंतरावाले तो बाक दिसला. हनुवटी दिसली. "हो."

"त्यांनाही हेच असणार. तेव्हापासून. माणूस आळशी नसतो, त्याला झोपच मिळत नसते."

दादा, मी झोपत नाई रे. थे येते.

रूपालीनं डोक्यावरचा पदर सावरला. मंग तिनं नजर वर केली अन् भासऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. आठ वर्षात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"भाऊजी, त्याईले तुमी जागं ठेवलं. आता माह्या पोट्टीले झोपू द्या. राती तुमी खोलीत येऊ नका."

"नाई येत," भगवंतराव म्हणला.

यावेळची टेस्ट दवाखान्यातच होती. डोक्याले वायरी, छातीले पट्टे, अन् मशीनवर एक सिस्टरबाई. रूपाली आत पोट्टीजवळ हात बांधून बसली. भगवंतराव बाहेर बाकड्यावर. दाराले काच होती, म्हणून त्यानं दाराकडं पाठ केली. आवाज मात्र येत होता. तो ट्रॅक्टर, बारका. तो थांबा. थांबा लांबला का भगवंतरावाचे हात आपोआप उठत. शेवटी त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबले अन् सकाळपर्यंत तसाच बसला.

एका तासात चोवीस वेळा श्वास थांबला. ऑक्सिजन एकाहत्तरपर्यंत खाली. डॉक्टर म्हणले, आणखी सहा महिने गेले असते तर काय झालं असतं ते मला सांगता आलं नसतं. महिन्याच्या शेवटी ऑपरेशन झालं. घशातल्या गाठी काढल्या, नाकामागची काढली. तिसऱ्या दिवशी पोट्टीनं आइस्क्रीम मागितलं.

होळीच्या सुटीत रूपाली तिले घेऊन गावी आली. तिनं पहिलेच सांगतलं, राह्यचं अकोल्यातच, फक्त चार दिवस. भगवंतराव हो म्हणला. पोट्टीच्या गालावर मांस आलं होतं. दुपारी ती त्याच्यासंग बगीच्यात गेली. मचाणाखाली चंदन दुपारी टेके ती बाज अजून तथीच होती. वर्षाली तिच्यावर बसून पाय हालवत म्हणली,

"मोठेबाबा, माहे बाबा कसे घोरत होते? तुमाले येते ना काढता? आई म्हणे चौकात काढत होते तुमी."

भगवंतरावानं तोंड उघडलं. घसा खाकरला. पुन्हा उघडलं. आवाज आला नाही.

"येत नाई आता, बाई."

"मंग मोठेबाबा, तुमचंही ऑपरेशन झालं काय?" असं म्हणून ती हासली, अन् बोलता बोलता कुशीवर झाली, अन् झोपली.

तोंड मिटलेलं. काहीच आवाज नाही. भगवंतराव बाजेच्या पायथ्याशी खाली बसला. इतकं शांत का त्याले भेव वाटलं. हात उठला, मधातच थांबला. तो निसता तिच्या फ्रॉककडं पाहत राहिला. वर, खाली. वर, खाली.

तेवढ्यात नाल्याकडून वानराची टोळी आली. मृगाच्या बहाराचे शेवटचे संत्रे राहिले होते, चंदनच्या हातच्या कलमाचे. एक हुप्प्या समोरच्या झाडावर चढला. संत्रं तोडून अर्धं खाल्लं, अर्धं फेकलं. मंग दुसरा चढला. मंग साऱ्या टोळीनं झाडं धरले. भगवंतरावाच्या एका आरोळीनं वानरं गावची शीव ओलांडून जात, असं गावात म्हणत.

तो बसून राहिला. संत्रे टपटप पडत होते, पोट्टी झोपली होती, अन् त्यानं आवाज केला नाही.